बारा मेगाहर्ट्झच्या आसपास

नागपूर
१२ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप गोविंदामामांना हर्षाचा नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही तीनदा विचारलंत, "कोण बोलून राह्यलं?" आणि मी तीनदा ओरडून माझं नाव सांगितलं. शेवटी "राँग नंबर आहे जी" म्हणून तुम्ही ठेवून दिलात. मला आधी हसू आलं. मग मी तुमच्या शेजारच्या यमुताईंना फोन लावला. तुमच्या सौरवनं बंगळुरूहून पाठवलेला मोठा फोन तुम्ही डब्यातून काढलेलासुद्धा नाही, हे यमुताईंनी सांगितलंय. तेव्हा आता पत्रच. रामटेकला पोस्टमन अजून घरी येतो ना?

आईला जाऊन तीन महिने होत आले. तिच्या गोळ्यांचे गजर मी फोनमधून काढले नाहीत. दुपारी चारचा गजर वर्गातच वाजतो. मुलं वर बघतात, मी बंद करते आणि पुढे शिकवते.

कॉलेज सुटल्यावर घरी जायची घाई राहिली नाही, म्हणून एक काम काढलंय. आमच्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला चुंबकीय अनुनादाचं प्रात्यक्षिक आहे, पण त्याचं उपकरण नाही. बाजारात मिळतं ते आमच्या आवाक्यातलं नाही. मुलं फळ्यावर आकृती बघतात आणि पुस्तकातले आकडे उतरवतात. मी ठरवलंय की ते यंत्र आपणच बनवायचं. टेबलावर मावेल एवढं.

चुंबक तयार आहे. लोखंडी चौकटीत समोरासमोर बसवलेल्या दोन जोरदार चकत्या, मध्ये बोटभर फट. फटीत पाण्याची काचनळी, नळीवर तांब्याच्या तारेचे वेढे. या वेढ्यांतून बारा मेगाहर्ट्झच्या आसपासची रेडिओलहर क्षणभर सोडायची, लगेच थांबायचं, आणि त्याच वेढ्यांनी पाण्याचं उत्तर ऐकायचं. सोडायचा भाग जमला. सीताबर्डीच्या दुकानांतून पार्ट आणून जोडला आणि पहिल्याच दिवशी चालला. अडलंय ते ऐकण्यात. उत्तर इतकं बारीक असतं की माझ्या रिसीव्हरमध्ये नुसती खरखर दिसते. तुमचा सगळा जन्म रेडिओच्या ट्रान्समीटरवर गेला. तुम्हाला नाही विचारणार तर कुणाला?

तुमची,
हर्षा

*

रामटेक
२४ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षास गोविंदामामाचे आशीर्वाद.

पोरी, तुयं पत्र यमुताईनं आणून देल्लं. मी दोनदा वाचलं, मंग जेवलो. तो राँग नंबर तू होती काय वं? मले वाटलं बँकवाली बाई आहे.

आता तुया कामाचं. खरखर बाहेरून येऊन राहिली, हे लिहून ठेव. आमच्या वेळेस शहर शांत होतं. आता घराघरात एलईडी लाईट, चार्जर, इन्व्हर्टर, हे सारे रेडिओचे दुश्मन. तुयं चुंबक, वेढे, रिसीव्हरचं पहिलं सर्किट, सारं तांब्याच्या पत्र्याच्या डब्यात बंद कर. डब्याले एकाच जागेवरून अर्थिंग दे, दोन जागी देशील तर आणखी घोळ होईन. आमच्या ट्रान्समीटरच्या हॉलमंदी असंच होतं. म्हातारा फुशारकी मारते असं नको समजू, करून पाह्य.

पण मले एक गोष्ट समजली नाही. लहर मले समजते. अँटेना समजते. पाणी उत्तर कसं देते? पाण्यात काय आहे देणारं? मी अभियंता आहो पण जुना. सोपं करून सांग.

आणि आमच्या गल्लीतल्या भैयाजीले डॉक्टरनं ते दवाखान्यातलं मोठं मशीन सांगतलं आहे, बोगद्यासारखं. ते पण याच जातीचं ना? त्यात माणसाले काय करतात? दुखते काय? लय आवाज येते म्हणतात, कानात बोळे देतात म्हणतात. एकटा माणूस जाऊ शकते काय, की कोणी संग लागते? भैयाजी भ्याला आहे, म्हणून विचारलं.

तब्येत बरी आहे. यमुताई रोज भाजी देऊन जाते आणि काहीतरी बोलते. मी मान हालवतो.

तुया मामा,
गोविंदा

*

नागपूर
५ डिसेंबर २०२४

तीर्थरूप मामांना नमस्कार.

मामा, तुमचं पत्र आल्यावर मी स्टाफरूममध्ये बसून उत्तराचा विचार करत होते. पाणी उत्तर कसं देतं, हे इथे मला कुणी विचारत नाही. "अजून चालूच आहे का ते?" एवढंच विचारतात.

पाण्याच्या प्रत्येक थेंबात हायड्रोजन आहे, आणि हायड्रोजनचा गाभा म्हणजे एक इवलासा चुंबक, स्वतःभोवती फिरणारा. मोठ्या चुंबकात ठेवला की तो भोवऱ्यासारखा डुलायला लागतो. किती वेगानं डुलणार हे चुंबकाच्या जोरावर ठरतं. माझ्या चुंबकात सेकंदाला साधारण एक कोटी वीस लाख वेळा. बरोबर त्याच तालाची लहर दिली तरच तो हलतो, दुसऱ्या कुठल्याही लहरीकडे लक्ष देत नाही. आपण थांबलो की सगळे मिळून त्याच तालावर क्षणभर परत लहर सोडतात. ते उत्तर. रेडिओ केंद्रच म्हणा, फक्त फार अशक्त आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात बंद पडणारं.

दवाखान्यातलं यंत्र याच जातीचं. भैयाजींना सांगा, अजिबात दुखत नाही. आपल्या अंगात पाणीच जास्त. ते यंत्र जागोजागच्या पाण्याला विचारतं आणि उत्तरांवरून चित्र काढतं. आवाज मात्र खरंच मोठा असतो, कुणीतरी पत्र्यावर हातोडे मारल्यासारखा. कानांना बोळे किंवा हेडफोन देतात. डोळे मिटून, न हलता पडून राहायचं. अंगात कुठे धातू बसवलेला असेल तर आधी सांगायचं. आईच्या वेळी मी काचेबाहेर बसले होते. ती बाहेर आल्यावर म्हणाली, "झोप लागली होती." भैयाजींसोबत कुणीतरी जावं. जाता येतं एकट्याला, पण जाऊ नये.

तांब्याचा पत्रा इतवारीतून आणलाय. डबा करते. नाताळच्या सुट्टीत रामटेकला येऊ का दोन दिवस?

तुमची,
हर्षा

*

रामटेक
१६ डिसेंबर २०२४

चि. हर्षास आशीर्वाद.

पाण्याचं समजलं. भोवऱ्याचं छान सांगतलं. भैयाजीलेही वाचून दाखवलं, त्याचा जीव थंडा झाला.

इतक्यात येऊ नको. घराले रंग लावून राहिलो, सारं सामान अंगणात आहे, तुले झोपाले जागा नाही. झालं की मी कळवतो.

पत्र्याचे जोड नुसते मुडपू नको. सोल्डर करून सलग जोड. फट राहाली की त्यातून सारं आत येते.

मामा

*

नागपूर
२ मार्च २०२५

तीर्थरूप मामांना नमस्कार.

रंग अजून संपला नाही का? जानेवारीत एक पत्र टाकलं, फेब्रुवारीत एक टाकलं, उत्तर नाही. फोन लावला की तुम्ही उचलता आणि काही न बोलता ठेवता. यमुताई म्हणाल्या, "बरे आहेत जी, तुम्हीच इचारा त्याईले." मी काही चुकीचं लिहिलं का? घरी यायला नको म्हणालात, ते खरं सांगायचं तर मला लागलं. आई गेल्यावर माहेर म्हणावं असं तेवढंच एक दार होतं.

यंत्राचं सांगते, कारण दुसरं सांगण्यासारखं काही नाही.

जानेवारीच्या मधल्या आठवड्यात परीक्षेच्या ड्यूटीसाठी सकाळी सातला कॉलेजला गेले होते. वेळ होता म्हणून यंत्र चालू केलं, आणि मामा, दिसलं! पडद्यावरच्या खरखरीतून एक लहानसा उंचवटा वर आला. एका पाठोपाठ दोन लहरी दिल्या की पाणी थोडं थांबून प्रतिध्वनी देतं, तो तसाच, त्याच जागी. नळी काढली की नाहीसा, नळी ठेवली की परत. मी शिपाई धोंडबांना हाक मारली. ते आले, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चांगलं हाय ना मॅडम?" मी म्हटलं, खूप चांगलं आहे. मग ड्यूटीवर गेले.

दुपारी मुलांना दाखवायला आणलं तर काहीच नाही. तेव्हापासून आजपर्यंत नाही. जोड सगळे पुन्हा सोल्डर केले, डब्यावर दुसरा डबा घातला. खरखर निम्म्यावर आली, तुमचं तेवढं खरं. पण उत्तर नाही. वर्गातली मेघा नावाची मुलगी रोज चारला येऊन विचारायची, "आज?" आता तीही येत नाही. परीक्षा जवळ आलीय तिची.

एक ओळ तरी लिहा.

हर्षा

*

रामटेक
१६ मार्च २०२५

चि. हर्षास अनेक आशीर्वाद.

बेटा, घराले रंग लावला नाही. भैयाजी म्हणून कोणी भ्यालेला नाही. तो मीच.

उजवा कान माया लहानपणीच गेलता, तुले माहीत आहे. दिवाळीच्या आधीपासून डावा जाऊन राह्यला. डॉक्टर म्हणे, डोक्याचा फोटो काढा. तुले काहून नाही सांगतलं? ताईसाठी तू दोन वर्षं दवाखान्याच्या चकरा मारल्या. तिच्या दहाव्याले तुले पाह्यलं, तू भिंतीले टेकून बसली होती, डोळे उघडे आणि कोणाले ओळखत नव्हती. मी तवाच मनात म्हणलं, आता या पोरीच्या वाट्याले दवाखाना नको.

जानेवारीत एकटाच नागपूरले आलो. यमुताईले म्हणलं पेन्शनचं काम आहे. त्या बोगद्यात गेलो. बोळे देल्ले होते, पण मले त्याईचं काय काम? तू लिहेल होतं हातोडे मारल्यावानी. मले आवाज आला नाही वं. छातीत, दातात नुसता धक्का लागे. मी डोळे मिटले आणि तुयं पत्र आठवत पडलो. म्हणलं, विचारा बापा पाण्याले काय विचाराचं ते. हाललो नाही.

डाव्या कानाच्या नसेवर लहान गाठ आहे. वाईट जातीची नाही. डॉक्टरनं कागदावर लिहून सांगतलं की या वयात चिरफाड नको, दर वर्षी पाहू. ऐकू येणं मात्र राहात नाही. फेब्रुवारीत होतं नव्हतं ते गेलं. तू फोन लावत होती तवा तो हातात थरथरे, म्हणून उचलो. कोण आहे ते कसं समजणार? ठेवून देत होतो.

फोटो काढला त्या दिवशी मी तुया कॉलेजवर आलतो. मेट्रोनं सीताबर्डीपर्यंत, तिथून ऑटो. फाटकावरचा चौकीदार काहीतरी बोले, त्याचे ओठ हालत. मी म्हणलं, हर्षा मॅडमले भेटाचं आहे. लय मोठ्यानं म्हणलं असनं, सारी पोरं थांबून पाहू लागली. त्यानं पुन्हा काही विचारलं. मी पुन्हा तेच म्हणलं. त्याले वाटलं असनं, म्हातारा भरमला आहे. त्यानं माया हात धरून रस्त्यापलीकडं सावलीत नेलं, पाणी पाजलं, बस कुठून भेटते ते बोटानं दाखवलं. वाईट नव्हता बिचारा. मी तिथं बसून तुयी इमारत पाह्यली. कोणती खिडकी तुयी ते माहीत नव्हतं. मंग बस पकडली.

दोन पत्रं तुयी वाचली होती. उत्तर लिहाले बसलो की खोटंच लिहा लागे. म्हणून नाही लिहिलं.

तुया मामा

*

नागपूर
१९ मार्च २०२५

मामा,

तुमच्यावर मी फार रागावलेय. एवढी कधी कुणावर रागावले नव्हते.

त्या दिवशी मी आतच होते. कोणत्याही दिवशी मी आतच असते. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याजवळची खिडकी, जिच्यावर बाहेरची खरखर अडवायला डब्याचा उरलेला तांब्याचा पत्रा ठोकलाय ती. तुमचाच पत्रा. त्यातून बाहेरचं काही दिसत नाही.

आईच्या आजारात दर रविवारी पहिल्या बसनं कोण येत होतं? तिच्या पायाला तेल लावून संध्याकाळच्या बसनं परत कोण जात होतं? तेव्हा मी तुम्हाला "नका येऊ" म्हटलं होतं का? माझ्या वाट्याला काय यावं हे तुम्ही ठरवलंत, आणि मी इकडे तीन महिने समजत होते की मामालाही मी नकोशी झाले.

आता माझंही ऐका, कारण लपवणारे तुम्ही एकटे नाही. जूनपासून आमच्याकडे भौतिकशास्त्राला प्रवेश बंद. मुलंच येत नाहीत. शेवटच्या वर्षाला सात जण उरलेत, हीच शेवटची तुकडी. ज्या प्रात्यक्षिकासाठी मी हे बनवतेय, ते करायला पुढच्या वर्षी कुणी असणार नाही. मला हे ऑक्टोबरपासून माहीत होतं. तुम्हाला लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, "मंग काहून करून राह्यली?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

रविवारी मी येतेय. रंग लावत असाल तर लावा.

हर्षा

*

नागपूर
२८ एप्रिल २०२५

तीर्थरूप मामांना नमस्कार.

त्या रविवारनंतर महिनाभर लिहिलं नाही. तुम्ही बोलत होतात, मी पाटीवर लिहीत होते, आणि यमुताई मध्येच ओढून "चहा" एवढंच लिहायच्या. निघताना मी फाटकाची कडी लावता लावता पाठमोरीच "येते हं" म्हणाले. वळून बघितलं तर तुम्ही दुसरीकडेच बघत होतात. बसमध्ये मला त्याचं फार वाईट वाटलं. पुन्हा आत येऊन, समोर उभं राहून म्हणायला हवं होतं.

मामा, तुमचं तांब्याचं चुकलं! म्हणजे पत्रा हवाच होता, पण दोष तिथे नव्हता.

एप्रिलपासून उन्हामुळे कॉलेज सकाळचं झालं. मधल्या काळात वेढ्यांचा ताल मी अंदाजानं थोडा बदलला होता; दुसऱ्याच दिवशी सातला यंत्र लावलं आणि उंचवटा हजर. साडेदहाला गायब. दुसऱ्या दिवशी सातला हजर, साडेदहाला गायब. तिसऱ्या दिवशी मी पडद्याकडे बघणंच सोडलं, थर्मामीटर आणला आणि चुंबकाला चिकटवला. हे चुंबक तापले की त्यांचा जोर उतरतो. एका अंशाला हजारातला एक भाग, पण तेवढ्यानं पाण्याचा ताल सरकतो, आणि माझे वेढे आपल्या ठरलेल्या तालावर कान लावून बसलेले. नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळ-दुपारचा फरक केवढा! पाणी रोज उत्तर देत होतं, मामा. मी भलत्याच ठिकाणी ऐकत होते. जानेवारीतली ती सकाळ म्हणजे नुसता योगायोग.

मग चुंबकाला थर्माकोलच्या पेटीत घातलं. आत एक लहान बल्ब, जो पेटी खोलीपेक्षा जरा गरमच ठेवतो, दिवसभर सारखी. आता उंचवटा भर दुपारीही जागचा हलत नाही.

मेघाला निरोप दिला. ती आली, स्वतः ट्यून केलं, पाण्याऐवजी तेल घालून बघितलं, दोन्हींचे आकडे स्वतः घेतले. सातातल्या बाकी कुणाला वेळ झाला नाही. जाताना ती म्हणाली, "मॅडम, हे मी माझ्या जर्नलमंदी खरंच लिहू शकते ना?"

जूनच्या आधी तुम्ही यायला हवं. मी स्वतः बसस्टँडवर येईन.

हर्षा

*

रामटेक
९ मे २०२५

चि. हर्षास आशीर्वाद.

शाबास. तुयं पत्र वाचून मी अंगणात एकटाच हसलो. यमुताई धावत आली, तिले वाटलं काही झालं.

चूक मायीच. आमच्या हॉलचं कूलिंग बिघडलं की सारे धावत, ताल सरकते हे मले पाठ होतं. पण चुंबकालेही ताप येते हे नाही सुचलं. तुये दोन महिने वाया घालवले वं.

येणं मात्र होत नाही. मांगच्या आठवड्यात विहिरीजवळ चक्कर येऊन पडलो. हाड मोडलं नाही. डॉक्टर म्हणे ती नस तोल पण सांभाळते, आता काठी घ्या, बसचा प्रवास नको. सौरव आला होता, बंगळुरूले चला म्हणे. तिथं अठराव्या माळ्यावर, कोणी ओळखीचं नाही, मी मुका होऊन जाईन. नाही म्हणलं. तो रागावून गेला. जाताना पाया पडला, पण रागावूनच.

तू मांगं विचारलं होतं, काहून करून राह्यली याचं उत्तर नाही म्हणून. मी पण विचार केला. मलेही सापडलं नाही. पण ताई गेल्यावर तू कामाले बसली, आणि मी तुया पत्राची वाट पाहाले बसलो. दोघंही उठून बसलो एवढं खरं.

फोटो पाठवू नको. फोटोत सारं सारखंच दिसते.

मामा

*

नागपूर
६ जून २०२५

तीर्थरूप मामांना नमस्कार.

काल प्रयोगशाळा रिकामी केली. खिडकीवरचा पत्रा धोंडबांनी काढला, खोलीत एकदम इतकं ऊन आलं की दोघांनाही डोळे मिटावे लागले. तिथे आता कॉमर्सचा वर्ग बसेल. मला पर्यावरण शिकवायला दिलंय, ऐंशी मुलं. मेघाला एम.एस्सी.ला जायचंय, फॉर्म भरलाय तिनं.

यंत्र कुणी मागितलं नाही. प्राचार्य म्हणाले, "तुमचंच आहे, घेऊन जा." ऑटोतून घरी आणलं. रात्रीपर्यंत ते बैठकीत तसंच होतं आणि मी त्याच्यासमोर बसले होते. आईचा पलंग काढल्यापासून तो कोपरा रिकामाच होता, तिथे ठेवून बघितलं. पण एकटीनं चालू करावंसं वाटलं नाही.

म्हणून ते मी रामटेकला आणतेय. पुढच्या शनिवारी, चौदा तारखेला, सकाळच्या पहिल्या बसनं. चुंबक जड आहे, पण चौकटीला दोरी बांधली की दोन्ही हातांनी उचलता येतो. सोबत रिसीव्हर, लॅपटॉप आणि थर्माकोलची पेटी. पाणी तुमच्या विहिरीचं घेऊ. पेटीतला बल्ब तासभर आधी लावावा लागतो, तोवर तुम्ही मला रिसीव्हरचा पहिला टप्पा तपासून द्या. त्यात अजून खरखर आहे, आणि यावेळी ती खरंच आतली आहे. मला वाटतं तुम्हाला सापडेल. सुट्टी संपेपर्यंत मी तिथेच आहे. यमुताईंना सांगा, भाजी दोघांची.

काठी घेऊन स्टँडपर्यंत या, पण फलाटावर उतरू नका, बाकावरच बसा. लोकांची गर्दी असेल आणि माझे हात भरलेले असतील. मी लांबून हाक मारणार नाही. तुम्ही बसच्या दाराकडे बघत राहा, मी समोर येऊन उभी राहते.

तुमची,
हर्षा